विसावी सुरी

आमच्या घरात पातं नवऱ्याचं आणि मूठ वन्संची, ही वाटणी मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच झालेली होती. सासरे दोघांना शिकवून गेले. नवऱ्याला भट्टी, ऐरण, लोखंडाला पाणी देणं. आणि वन्संना लाकूड. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. त्यांनी लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "अगं, मूठ म्हटली की दोन पट्ट्या लागतात. दुसरी मापाची मिळायला नको का?" विचारणारी बाई हसत सुटायची आणि प्रश्न तिथेच राहायचा. माझ्या वाट्याला शेवटचं काम आलं. तयार सुऱ्या पुसायच्या, तेलाचा हात फिरवायचा, कागदात गुंडाळून खोक्यात भरायच्या.

कारखाना म्हणायचं, पण होती घरामागची एक लांबट खोली. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला खिडकीखाली वन्संचं बाक, मध्ये ग्राइंडर आणि त्याच्याभोवती कायम काळी धूळ. नवरा आणि वन्सं दिवसभर एकमेकांकडे पाठ करून काम करायचे आणि ग्राइंडरच्या आवाजावर ओरडून गप्पा मारायचे. मला सुरुवातीला वाटायचं, हे दोघं भांडतायत.

मूठ म्हणजे दोन लाकडी पट्ट्या. पात्याचा मागचा भाग, ज्याला आमच्याकडे शेपूट म्हणतात, तो त्या दोन्हींच्या मध्ये बसतो. शेपटीला आधी जाड काचपेपर मारायचा, म्हणजे गोंदाला धरायला खरखर मिळते. मग ती स्पिरिटनं पुसायची आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही. दोन डब्यांतला गोंद सारखा घेऊन कालवायचा, लाकडाला लावायचा, लोखंडाला लावायचा, पितळी खिळे आरपार घालायचे आणि पट्ट्या दाबून धरणारे तीन स्क्रूचे शिकंजे चढवायचे. एक पात्याच्या बाजूला, एक मध्ये, एक शेवटाला. खरं कसब आहे ते इथे. शिकंजा ढिला राहिला तर फट राहते. फार आवळला तर आतला सगळा गोंद कडेनं बाहेर येतो आणि लाकूड लोखंडाला नुसतं टेकून राहतं, धरत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सासरे म्हणायचे, शिकंजा धरायला दिलाय, वाकवायला नाही. वन्सं स्क्रू तेवढाच फिरवायच्या, की कडेला गोंदाचे बारीक थेंब यावेत, घाम फुटल्यासारखे. मग हात काढून घ्यायच्या आणि एक अख्खा दिवस त्या सुरीकडे बघायच्याही नाहीत.

त्या वर्षी गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यातून वीस सुऱ्यांचं काम आलं. हाडापासून मांस सोडवायच्या सुऱ्या, अरुंद पात्याच्या. नवऱ्यानं वीस पाती काढली. वन्संनी मुठी बसवायला घेतल्या.

विसाव्या सुरीच्या दिवशी काही विशेष घडलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर ज्यानं त्यानं तेच विचारलं. घरात भांडण नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, कुणाची घाई नव्हती. दुपारचे चार वाजले होते. एकोणीस मुठी झाल्या होत्या. विसावीच्या दोन पट्ट्यांतली एक वाकलेली निघाली. फार नाही. शेपटीवर ठेवून खिडकीकडे धरली, तर मधोमध कागदाएवढा उजेड दिसत होता. अशी पट्टी एक तर रंध्याखाली घालायची, नाहीतर भट्टीत टाकायची. रंधा मारला असता तर ती जोडीच्या पट्टीपेक्षा पातळ झाली असती. नवी जोडी काढायची, तर माळ्यावर चढा, फळी उतरवा, करवत लावा, तास गेला. आणि गोंद कालवून ठेवलेला होता, तो धरायला लागला होता. वन्संनी पट्टी बसवली आणि मधला शिकंजा आवळला. उजेड गेला नाही. आणखी एक फेरा दिला. मग आणखी अर्धा. उजेड गेला.

हे त्यांनी मला पाच महिन्यांनी सांगितलं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. वीसच्या वीस सुऱ्या मी या हातांनी पुसल्या, त्यातली ती कुठली होती हे आजही मला सांगता यायचं नाही.

खोकं न्यायला कारखान्यातून जो आला, त्याला सगळे डावरा म्हणत. पस्तिशीचा, उंच, खांदे जरा वाकलेले. त्यानं दारातच खोकं उघडलं आणि एकेक सुरी डाव्या हातात तोलून पाहिली.

"ताई," तो वन्संना म्हणाला, "कात्री घ्या, डबा उघडायचं यंत्र घ्या, सगळं जग उजव्यांसाठी बनवलंय. तुमची मूठ तेवढी कुठल्याही हाताला लागते."

"मग डाव्यांसाठी वेगळी कशाला करू?" वन्सं म्हणाल्या. "लोखंडाला काय कळतंय कुणाचा हात आहे ते!"

तो हसला. एक सुरी बाजूला काढून त्यानं मुठीवर खिशातली निळी पट्टी चिकटवली. "ही माझी. बाकीच्या त्यांनी वाटून घ्याव्यात."

चार महिने गेले. एका सकाळी कारखान्याचा मुकादम सायकलवरून आला. सायकल भिंतीला टेकवताना ती दोनदा पडली. नवऱ्यानं भट्टीचा पंखा बंद केला.

"डावरा गेला," मुकादम म्हणाला. "काल दुपारी. खांद्याचं हाड सोडवत होता. सुरी अंगाकडे ओढतात ना, तशी ओढली आणि मुठीची पट्टी निघाली. मूठ हातात फिरली. पातं मांडीत गेलं, इथे, वरच्या बाजूला." त्यानं स्वतःच्या मांडीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. "गाडी यायच्या आत संपलं सगळं. आम्ही सहा जण होतो, टॉवेल दाबून धरले होते. काही उपयोग झाला नाही."

मी वन्संकडे पाहिलं. त्यांच्या हातात कानस होती. ती त्यांनी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली, आणि बाकाच्या कडेवरून तिची धूळ पुसत राहिल्या.

"कुठली सुरी?" त्यांनी विचारलं.

"त्याचीच. निळ्या पट्टीची."

चौथ्या दिवशी कामगार खात्याचा अधिकारी आला. पारदर्शक पिशवीत घातलेली सुरी त्यानं वन्संच्याच बाकावर ठेवली, तिथे उजेड बरा म्हणून. एका बाजूची पट्टी मधल्या खिळ्यापाशी मोडून पुढचा अर्धा भाग गेला होता. दुसरी पट्टी जशीच्या तशी होती आणि तिच्यावर निळी चिकटपट्टीही होती. मी एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. नवऱ्यानं मात्र वाकून, पिशवी उजेडात फिरवून नीट पाहिली.

"कारखान्यात रोज वाफेनं धुतात, साहेब," तो सरळ होत म्हणाला. "आम्ही सांगून दमलो. लाकूड आहे ते. रोज उकळलं तर कुठलं लाकूड टिकेल?"

"जोडकाम कोण करतं?"

"आम्हीच. घरातले."

अधिकारी वन्संकडे वळला. "तुम्हाला काही सांगायचंय?"

वन्सं म्हणाल्या, "नाही."

त्यानं लिहून घेतलं, नवऱ्याची सही घेतली आणि पिशवी उचलून नेली.

तीन आठवड्यांनी मुकादमाकडून कळलं की चौकशी संपली. डावऱ्यानं मांड्या झाकणारा लोखंडी साखळीचा एप्रन घातलेला नव्हता, सबब कामगाराचा निष्काळजीपणा, असा निकाल लागला. नवऱ्यानं मोठा श्वास सोडला. त्या दिवशी तो जेवताना चार शब्द जास्त बोलला, तेवढंच. वन्सं ताटात बोटं फिरवत बसल्या होत्या.

त्यांचं काम चालूच होतं, पण त्या बदलल्या होत्या. एकेक पट्टी खिडकीकडे तीनतीनदा धरायच्या. चांगलं, सरळ लाकूड भट्टीत टाकायच्या. नवरा ओरडायचा, "ताई, ते काय वाकडं होतं? तू बघितलंस का नीट?" त्या ओरडून उत्तर द्यायच्या नाहीत. खोलीत ग्राइंडरचा आवाज पूर्वीएवढाच होता, पण आता दुसरं काही ऐकू येत नसे. मला वाटलं, डावऱ्याचं दुःख झालंय. बोलून चालून हसरा माणूस होता. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्या उठून गेल्या.

मग एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला एक म्हातारा माणूस आला. नवरा लोखंड आणायला गेला होता. दार उघडंच होतं, तरी त्यानं कडी वाजवली.

"मी डावऱ्याचा बाप," तो म्हणाला.

मी स्टूल पुढे केलं. तो बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. उजव्या हाताच्या करंगळीचं पेर नव्हतं. माझी नजर तिकडे गेलेली पाहून म्हणाला, "हे माझं स्वतःचं. माझीच चूक होती आणि तेव्हाच मान्य केली होती. अडतीस वर्षं त्याच हॉलमध्ये कापलं मी."

मी चहा ठेवायला वळले, पण दारातून आत जाववलं नाही. तिथेच उभी राहिले.

"काका," वन्सं म्हणाल्या.

"तो लहानपणापासून डावखुरा," म्हातारा सांगायला लागला. "कारखान्यात घेतला तेव्हा सगळे म्हणाले, उजव्या हातानं शिकव, रांगेत अडचण होते. चार महिने शिकवलं. रोज बोट कापून घ्यायचा. मग मी स्वतः डाव्या हातानं कापायला शिकलो. चाळीस उलटली होती माझी, लोक हसायचे. आधी मी शिकलो आणि मग त्याला दाखवलं. म्हणजे त्याची पकड कशी होती ते मला पाठ आहे." तो थांबला. "कागदावर लिहिलंय, निष्काळजी. एप्रन नव्हता म्हणून. एप्रन बारा आहेत, ताई, आणि माणसं तीस. ते कुणी लिहिलं नाही. पण तेही राहू दे. आम्ही सगळ्यांनी एप्रनशिवायच जन्म काढला. मला फक्त सुरी हातात फिरली कशी ते कळत नाही. महिना झाला, मी घरात डाव्या हातात सुरी धरून बसतो आणि ओढून बघतो. मला कळत नाही. मूठ कशी बसवतात ते मला दाखवाल का?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी एक पातं घेतलं, शेपटीला काचपेपर मारला, स्पिरिटनं पुसलं. म्हाताऱ्यानं स्टूल जवळ ओढलं. वन्संनी दोन पट्ट्या काढल्या, खिडकीकडे धरून दाखवल्या. गोंद कालवला. त्यांचा हात एवढा सावकाश चालताना मी कधी पाहिला नव्हता. पट्ट्या बसवल्या, पहिला शिकंजा चढवला, दुसरा चढवला. मधल्या शिकंज्याचा स्क्रू फिरवताना त्या म्हणाल्या, "एवढंच. कडेला हे थेंब आले की थांबायचं. याच्या पुढे आवळलं तर आत काही उरत नाही."

"आणि पट्टी वाकडी निघाली तर?"

"टाकून द्यायची."

"नेहमी टाकता?"

वन्संचा हात स्क्रूवर तसाच राहिला. भट्टी बंद होती, ग्राइंडर बंद होता, आणि रस्त्यावरून कुणीतरी लोखंडी ड्रम गडगडत नेत होतं.

"एकदा नाही टाकली," त्या म्हणाल्या. "विसांतली शेवटची होती. वाकडी होती. मी शिकंज्यानं दाबून बसवली. गोंद सगळा बाहेर आला, मी बघितला. दुसऱ्या दिवशी शिकंजा सोडला तेव्हा चांगली दिसत होती, म्हणून जाऊ दिली."

म्हाताऱ्यानं त्या स्क्रूकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "त्यानं ती उचलली तेव्हा तुम्ही इथेच होतात?"

"होते."

"ओळखली होतीत, ती कुठली ते?"

मला वाटलं, आता तरी त्या नाही म्हणतील. कुणालाही पटलं असतं. वीस सुऱ्यांतली ती मलाही ओळखता आली नव्हती.

"हो," वन्सं म्हणाल्या. "माझ्या हातची होती. तोंडाशी आलं होतं की ही नको, दुसरी घे. पण का, ते सांगावं लागलं असतं."

म्हाताऱ्यानं टोपी उचलून या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. आवाज चढवला नाही. "महिनाभर मी त्याला शिव्या देतोय," तो म्हणाला. "मेलेल्या पोराला. सकाळी उठलो की पहिलं तेच. गाढवा, लक्ष कुठे होतं तुझं, एवढं शिकवलं ते कुठे गेलं. त्याच्या फोटोला तोंडावर बोलतो मी हे." त्यानं डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून जाऊ दिलं. "आणि तुम्ही महिनाभर गप्प."

"हो."

वन्सं रडायला लागल्या तसा तो उठला. "ते नको. तुमचं रडणं बघायला मी आलो नाही. माफ करायलाही आलो नाही. जे मला सांगितलंत ते लिहून द्या. त्याच्या नावापुढचा तो शब्द निघाला पाहिजे."

"देते," वन्सं म्हणाल्या.

तो गेला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी चहा ठेवलाच नव्हता.

नवरा दुपारी आला. वन्संनी त्याला खाली बसूही दिलं नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं तो धक्क्यानं खाली बसेल. पण त्यानं हातातल्या लोखंडी पट्ट्या एकेक करून भिंतीशी लावल्या आणि म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"साहेबानं पिशवी ठेवली तेव्हाच दिसलं. शेपूट मधोमध कोरडी होती. गोंदाचा डागसुद्धा नाही. मला काय डोळे नाहीत, ताई?"

"मग मला विचारलं का नाहीस, धाकट्या?"

"विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस."

मग मात्र त्याचा तोल गेला. तो काय काय बोलला ते मी लिहीत नाही. बापाचं नाव, इतक्या वर्षांचं काम, माझं आणि त्याचं पुढचं आयुष्य, सगळं एका म्हाताऱ्याच्या दोन आसवांवर उधळून टाकलंस, असं बरंच. मेलेला माणूस परत येणार आहे का, असं तो तीनदा म्हणाला. वन्सं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नाही येणार. पण त्याचा बाप रोज सकाळी त्याला शिव्या देतो." एवढं बोलून त्या चपला घालून बाहेर पडल्या, आणि कार्यालय बंद व्हायच्या आत त्यांनी जबाब लिहून दिला.

कारखान्याच्या साहेबांना तर हे हवंच होतं. पुन्हा चौकशी झाली. मीही गेले होते. लांब टेबलाच्या एका बाजूला कारखान्याचे तिघं, दुसऱ्या बाजूला वन्सं एकट्या, आणि भिंतीशी खुर्चीवर डावऱ्याचे वडील. वन्संनी शिकंज्याचा तो दीड फेरा पुन्हा सांगितला. "कामगाराचा निष्काळजीपणा" खोडून "सदोष हत्यार" असं लिहिलं गेलं. मग म्हातारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आता एप्रनचंही लिहा. बारा आहेत."

"ते वेगळं प्रकरण आहे, बाबा," अधिकारी म्हणाला. "त्यासाठी वेगळा अर्ज करा."

कारखान्याच्या तिघांनी कागद गोळा केले. त्यांच्या दृष्टीनं सगळं मिटलं होतं. एप्रन अजूनही बाराच आहेत, असं मुकादम परवा सांगत होता.

आमची परवानगी रद्द झाली. सुरी, कोयता, विळा, धारेचं काहीही करायचं नाही. दारावर कागद चिकटवून गेले. शेजारपाजारचे लोक येता-जाता थांबून वाचायचे आणि मी दिसले की पुढे चालायला लागायचे.

उरलेल्या एकोणीस सुऱ्या अजून त्या हॉलमध्ये रोज चालत होत्या. वन्संना ते सहन होईना. एक दिवस त्या गोणपाटाची पिशवी घेऊन निघाल्या. मी सोबत गेले. कारखान्याच्या फाटकाशी जेवणाच्या सुट्टीत कापणारे बाहेर बसतात. वन्सं म्हणाल्या, "माझ्या सुऱ्या परत द्या, मला तपासायच्या आहेत." कुणी हललं नाही. एक जण तोंड फिरवून थुंकला. आम्ही तशाच उभ्या राहिलो. तेवढ्यात डावऱ्याचे वडील आले. कोणी निरोप दिला देव जाणे. आमच्याकडे न बघता ते त्या लोकांना म्हणाले, "द्या त्यांना." माणसं उठली, आत गेली, एकेक सुरी घेऊन आली. म्हाताऱ्यानं त्या घेऊन वन्संच्या पिशवीत टाकल्या. अठरा झाल्या. एक कुणीतरी घरी नेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या पायरीवर कागदात गुंडाळून ठेवलेली मिळाली.

वन्संनी व्हाइसमध्ये पहिली सुरी धरली आणि पट्टीच्या कडेला पटाशी लावून हातोडी मारली. लाकूड फुटलं, पण लोखंडापासून सुटलं नाही. ढलपे निघाले, गोंदाला चिकटलेला थर तसाच राहिला. चांगलं काम असंच फुटतं. दुसरी फोडली, तीही तशीच. तिसरी, चौथी. सातव्या सुरीला पटाशी घसरून त्यांच्या अंगठ्यात शिरली. त्यांनी फडकं गुंडाळलं आणि आठवी घेतली.

दारावर कागद लागल्यापासून नवरा त्यांच्याशी बोललेला नव्हता. तो दारात उभा राहून पाहत होता. नंतर आत आला आणि त्यांच्या हातातून पटाशी काढून घेतली. "तू धर," तो म्हणाला. वन्संनी सुरी धरली आणि त्यानं फोडली. फोडलेली जागा दोघं उजेडात धरून बघत आणि पुढची घेत. संध्याकाळपर्यंत एकोणीसच्या एकोणीस मुठी फोडून झाल्या. एकीतही कोरडी जागा सापडली नाही.

त्या ढलप्यांकडे बघून वन्सं म्हणाल्या, "सगळ्या चांगल्या होत्या रे."

"हं," नवरा म्हणाला.

त्यांना त्यामुळे बरं वाटलं की जास्तच वाईट वाटलं, ते मी विचारलं नाही.

आता नवरा दारं-खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्याकडे वेल्डिंगला जातो. त्याला ते काम आवडत नाही आणि तसं तो रोज सांगतो. बहीण-भावाचं बोलणं सुरू झालं, पण गप्पा परत आल्या नाहीत. मीठ दे, दार लाव, उद्या पाणी येणार नाही, एवढंच. वन्सं एका लाकडी सामानाच्या दुकानात खुर्च्यांना पॉलिश करतात. मालकानं त्यांचा हात बघून जोडकामाला बस म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, पॉलिशच द्या.

डावऱ्याचे वडील आमच्याच बाजूला राहतात, बाजारापलीकडे. वर्षभरात ते वन्संना पुष्कळदा दिसले. लांबून दिसले की ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. वन्संनी कधी त्यांना गाठायचा प्रयत्न केला नाही. त्यांचा हक्क आहे, म्हणायच्या.

गेल्या आठवड्यात वन्सं कामावरून आल्या आणि चपला न काढता स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते भेटले. दवाखान्यापाशी. रस्ता अरुंद आहे तिथे, समोरासमोर आलो."

"मग?"

"थांबले. म्हणाले, थंडी वाढली."

"आणि?"

"आणि काही नाही. गेले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं, वाढलीय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. बोटांना पॉलिशचा तांबडा रंग तसाच होता. थोड्या वेळानं त्यांनी मला तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, दवाखान्यापाशी, अरुंद रस्ता, ते थांबले, आणि मी तेवढ्याच लक्षानं पुन्हा ऐकलं.